रामेश्वरला पहिल्यांदा जाताय? आधी क्रम समजून घ्या

काशी-रामेश्वर हे जोडनाव आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. काशीला जाऊन आलेली माणसं घरोघरी भेटतात, रामेश्वरला जाऊन आलेली त्या मानाने कमी. जी जाऊन येतात त्यांच्यातलेही बरेच जण दक्षिण भारताच्या सहलीत अर्ध्या दिवसात रामेश्वर उरकून पुढे कन्याकुमारीला निघालेले असतात. त्यांना विचारलं तर गर्दी, ओले कपडे आणि बादलीने अंगावर पडलेलं पाणी एवढंच आठवतं.

रामेश्वरची यात्रा अवघड नाही. फक्त तिला एक क्रम आहे. आधी समुद्रस्नान, मग मंदिरातल्या बावीस तीर्थांचं, म्हणजे विहिरी-तळ्यांच्या पाण्याचं स्नान, मग कोरडे कपडे, मग दर्शन. राहण्याची जागा, सोबतचं सामान, पोहोचायची वेळ हे सगळं त्या क्रमाभोवती ठरवलं की गोंधळ होत नाही. मी आईवडिलांना आणि नंतर नात्यातल्या इतर ज्येष्ठांना घेऊन तिथे जाऊन आलो आहे. त्यातून जे कळलं ते पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो आहे.

कोकणात गावोगावी रामेश्वराची देवळं आहेत. हा लेख तमिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यातल्या, पांबन बेटावरच्या रामेश्वराबद्दल आहे. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे सगळ्यात दक्षिणेकडचं आणि चार धामांपैकी शंकराचं म्हणावं असं एकमेव.

१. कधी जायचं आणि किती दिवस ठेवायचे

जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा हा काळ उत्तम. आपला पावसाळा संपतो तेव्हा तिकडचा सुरू होतो, हे इथून जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच दिवसांत येतात. दिवाळीच्या सुट्टीत बेत आखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक असतं आणि मंदिराच्या आवारात अनवाणी चालायचं असतं, त्यामुळे ज्येष्ठांना त्या दिवसांत नेऊ नका.

गर्दीचे दिवस वेगळे लक्षात ठेवा. अमावास्येला पितृकार्यासाठी लोक येतात. त्यातही आषाढी अमावास्या, भाद्रपदातली सर्वपित्री आणि तमिळ थै महिन्यातली, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली अमावास्या या तीन दिवशी समुद्रकाठी पाय ठेवायला जागा नसते. महाशिवरात्रीलाही तेच. डिसेंबर-जानेवारीत शबरीमलाहून परतणारे अय्यप्पा भक्त मोठ्या संख्येने रामेश्वर करतात. पितृकार्य करायचं नसेल तर अमावास्या आणि तिच्या आधीचा दिवस सरळ टाळा.

मुक्काम किमान दोन रात्रींचा ठेवा. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीचा आहे. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचायचं आणि संध्याकाळी नुसतं मंदिर बाहेरून बघून, वाटा समजून घेऊन लवकर झोपायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान-दर्शन, दुपारनंतर बेटाच्या टोकाचं धनुष्कोडी. तिसऱ्या दिवशी पहाटे स्फटिकलिंगाचं दर्शन, मग प्राकार, म्हणजे मंदिराभोवतीची खांबांची लांब ओवरी, शांतपणे बघून परतीची वाट. एका रात्रीत हे बसवायला गेलात तर धनुष्कोडी तरी सुटतं किंवा दर्शन धावत होतं.

२. पोहोचायचं कसं

सगळ्यात जवळचं मोठं ठिकाण मदुराई. तिथून रामेश्वर रस्त्याने साधारण १७० किलोमीटर. विमानाने जाणार असाल तर मदुराईलाच उतरायचं, पुढे गाडीने साडेतीन तास धरा. मदुराईहून रेल्वेही आहे. बस मट्टुतावणी बसस्थानकावरून मिळते, तिला आणखी वेळ लागतो.

रेल्वेने निघायचं तर मुंबई-नागरकोईल मार्गावरच्या गाड्या पुणे, सोलापूर करत मदुराईला जातात. सव्वा ते दीड दिवसाचा प्रवास आहे. डबा बरोबर घ्या, लोकही चांगले भेटतात. दुसरा मार्ग चेन्नईवरून. चेन्नईहून रामेश्वरला रात्रीच्या गाड्या आहेत, त्यातली सेतू एक्सप्रेस सोयीची. चेन्नईत मात्र तुम्ही उतरता ते स्थानक आणि रामेश्वरची गाडी सुटते ते स्थानक बहुधा वेगळं असतं. तिकिटावरचं स्थानकाचं नाव नीट वाचा आणि मध्ये चार-पाच तास मोकळे ठेवा.

मला विचाराल तर शेवटचा टप्पा रेल्वेनेच करा. मुख्य भूमीवरचं मंडपम स्थानक सोडलं की गाडी समुद्रावर येते. जुना पांबन पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झाला, आणि भारतात समुद्रावर बांधलेला तो पहिला पूल. तो जीर्ण झाल्यामुळे डिसेंबर २०२२ पासून बेटावरची रेल्वे बंद होती. शेजारी बांधलेला नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीच्या दिवशी सुरू झाला. बोटी जाताना त्याचा मधला भाग आडवाच्या आडवा वर उचलला जातो. पुलावरून जाताना उठून दाराशी गर्दी करू नका, गाडी हळू जाते आणि खिडकीतून सगळं दिसतं. वारा फार असेल तर गाडी पुलाआधी थांबवतात, म्हणून परतीच्या दिवशी पुढचं विमान किंवा पुढची गाडी घट्ट वेळेत जोडू नका. रस्त्याचा पूल वेगळा आहे, तो १९८८ पासून वापरात आहे.

३. राहायचं कुठे

उत्तर एका ओळीत: मंदिराचं पूर्व गोपुर आणि अग्नितीर्थ, म्हणजे त्यासमोरचा समुद्रकाठ, यांच्यापासून चालत पाच-सात मिनिटांच्या आत. ओल्या कपड्यांनी परत यायचं असतं, ज्येष्ठ मंडळी दमलेली असतात आणि कधी कधी एखाद्याला मधूनच खोलीवर जावं लागतं. स्टेशनजवळ किंवा हमरस्त्यावर मोठं हॉटेल थोडं स्वस्त मिळेल, पण तो फायदा रिक्षांमध्ये आणि दगदगीत निघून जातो.

मंदिर देवस्थानच्या खोल्या आहेत, वेगवेगळ्या मठांच्या आणि समाजांच्या धर्मशाळा आहेत, तमिळनाडू पर्यटन महामंडळाचं हॉटेल समुद्राजवळ आहे. देवस्थानची खोली अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. मंदिराच्या नावासारखी नावं असलेली खासगी संकेतस्थळं असतात, त्यावर पैसे भरू नका.

खोली घेताना तीन गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, गरम पाणी सकाळी किती वाजता येतं आणि कपडे वाळत घालायला जागा आहे का. तिसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण चार माणसांचे समुद्राने भिजलेले कपडे खोलीत दोऱ्या बांधून वाळवायची वेळ आली की त्याचं मोल कळतं.

स्टेशनवर उतरल्यावर रिक्षावाले तुमचं हॉटेल बंद आहे, भरलं आहे असं सांगून दुसरीकडे नेऊ पाहतात. आधीच हॉटेलला फोन करून ठेवा आणि पत्ता तमिळमध्ये लिहून घेतलेला संदेश मोबाईलमध्ये ठेवा.

४. बरोबर काय घ्यायचं

कागदपत्रांत प्रत्येकाचं आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, मूळ आणि एक झेरॉक्स. खोलीला ते लागतंच. प्रवासाची तिकिटं, ज्येष्ठांच्या औषधांची यादी आणि डॉक्टरांची चिठ्ठी. पितृकार्य करणार असाल तर एका कागदावर गोत्र आणि वडिलांकडच्या व आईकडच्या तीन-तीन पिढ्यांची नावं लिहून न्या. संकल्पाच्या वेळी आजीच्या सासूबाईंचं नाव आठवत बसणं बरं नाही, आणि घरी फोन करायला तेव्हा मोबाईल जवळ नसतो.

कपड्यांचं थोडं सविस्तर सांगतो. स्नानासाठी एक जोड आणि दर्शनासाठी एक कोरडा जोड, असे दोन जोड एकाच सकाळी लागतात. स्नानाचे कपडे सुती, गडद रंगाचे आणि जाडसर असावेत. बायकांनी साडीऐवजी सलवार-कुर्ता घातला तर बावीस ठिकाणी ओल्याने चालताना पायात अडकत नाही. पुरुषांनी पंचा किंवा लुंगीपेक्षा धोतर नीट बांधावं, नाहीतर साधा पायजमा बरा. जीन्स नको, ती भिजली की जड होते आणि मांड्या घासून सोलतात. दर्शनाला पुरुषांनी धोतर किंवा पूर्ण पायजमा-पँट, बायकांनी साडी किंवा ओढणीसह सलवार. बर्म्युडा, आखूड कपडे चालत नाहीत.

याशिवाय एक जाड प्लॅस्टिकची पिशवी ओल्या कपड्यांना, गळ्यात अडकवायची छोटी पाणी न शिरणारी पिशवी पैशांना, सुट्ट्या नोटा, टॉवेल, खोबरेल तेलाची बाटली आणि टाकून दिल्या तरी चालतील अशा चपला. दागिने घरी ठेवा. समुद्रात आणि बादलीच्या पाण्यात अंगठ्या, जोडवी निसटतात आणि मग सापडत नाहीत.

मोबाईल मंदिरात चालत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या मंदिरांत मोबाईलबंदीचा आदेश दिला आहे. बाहेर ठेवायची सोय असते, पण सगळ्यात सोपं म्हणजे तो खोलीवरच ठेवणं. आत जाण्यापूर्वी कोणी हरवलं तर भेटायची जागा ठरवून घ्या. आमचं ठरलेलं असायचं: मोठ्या नंदीजवळ.

५. स्नानाची सकाळ

पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास अग्नितीर्थावर या. हा समुद्रच आहे, पूर्व गोपुराच्या समोर. लाटा जवळजवळ नसतात, पाणी उथळ असतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं निर्धास्त बसून डुबकी घेऊ शकतात. तळाशी दगड आणि शेवाळ असतं, त्यामुळे पाय घसटत पुढे न्यायचा. इथे तुम्हाला वाळूच्या पिंडी करणारे, पिंडदान करणारे, सूर्याला अर्घ्य देणारे लोक दिसतील.

समुद्रात अंगावरचा कपडा सोडून द्यायचा असतो, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. असे कपडे पाण्याखाली साठतात आणि पाय अडकून माणसं पडतात. करू नका.

समुद्रस्नान झालं की त्याच ओल्या अंगाने मंदिरातल्या बावीस तीर्थांसाठी जायचं. तिथे तिकीट असतं. ते मंदिराच्याच खिडकीवर घ्या, दर फलकावर लिहिलेला असतो. आत विहिरी आहेत, काही तळी आहेत. विहिरीच्या काठावर माणूस उभा असतो, तो दोरीला बांधलेली छोटी बादली सोडून पाणी काढतो आणि तुमच्या डोक्यावर ओततो. महालक्ष्मी तीर्थापासून सुरुवात होते आणि कोटितीर्थावर शेवट. मध्ये सावित्री, गायत्री, सरस्वती, सेतुमाधव, गंधमादन, शंख, चक्र, सूर्य, चंद्र, गंगा, यमुना, गया अशी नावं येतात. नल, नील, गवय, गवाक्ष ही नावं ऐकली की रामायण वाचलेला माणूस थांबतो. सेतू बांधणाऱ्या वानरांच्या नावाने इथे विहिरी आहेत. प्रत्येक विहिरीचं पाणी थोडं वेगळं लागतं. समुद्र एवढ्या जवळ असूनही बहुतेकांचं गोड आहे.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे. बाहेर काही जण स्वतःची बादली घेऊन उभे असतात आणि ‘आम्ही तुमच्या घरच्यांना वेगळं, भरपूर पाणी घालून, रांगेशिवाय नेतो’ म्हणतात. गर्दीच्या दिवशी मोह होतो. पैसे ठरतात एक, शेवटच्या विहिरीवर मागितले जातात दुसरेच, आणि ओल्या अंगाने उभं राहून वाद घालायची कोणाची इच्छा नसते. मंदिराचं तिकीट काढा आणि रांगेने जा. साध्या दिवशी दीड-दोन तासांत सगळं होतं. बादली ओतणाऱ्याला खुशीने काही द्यायचं असेल तर जरूर द्या, तो सकाळपासून पाणी उपसत उभा असतो. पण ते देणं तुमच्या मनावर आहे.

हृदयविकार, दमा किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी बावीसही ठिकाणी डोक्यावरून पाणी घेऊ नये. हातावर पाणी घेऊन प्रोक्षण केलं तरी भागतं, काठावरच्या माणसाला खुणेने सांगितलं की तो समजतो. फरशी सतत ओली असते. ज्येष्ठांचा हात एकाने धरायचाच, आणि धावत पुढच्या विहिरीवर जाणाऱ्या तरुण मंडळींना वाट द्यायची. माझ्या आईला सगळ्यात जास्त आनंद या दोन तासांत झाला. बाराव्या-तेराव्या विहिरीपर्यंत आजूबाजूचे अनोळखी लोक ओळखीचे होतात, कोणी तेलुगू, कोणी बंगाली, सगळे एकमेकांच्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळत असतात.

६. कोरडे कपडे, मग दर्शन

ओल्या कपड्यांनी गाभाऱ्यासमोर जाऊ देत नाहीत. आपल्याकडे ओलेत्याने देवाला जाण्याची सवय असल्यामुळे हा नियम अनेकांना ठाऊक नसतो आणि रांगेतून परत फिरावं लागतं. खोली जवळ असेल तर सरळ खोलीवर जा, अंग पुसा, कोरडे कपडे घाला, दोन घोट चहा घ्या आणि मग या. कपडे बदलायच्या खोल्या मंदिरातही आहेत, पण तिथे दाटी असते.

वेळेचा हिशोब असा करा: मंदिर दुपारी एकच्या सुमारास बंद होतं आणि तीननंतर उघडतं. सहाला समुद्रावर आलात तर साडेआठ-नऊला तीर्थं होतात आणि दहापर्यंत तुम्ही दर्शनबारीत असता. नऊला उठून आरामात निघणाऱ्यांचं स्नान होतं आणि दर्शन बंद दाराशी अडकतं.

आत दोन लिंगं आहेत. कथा अशी सांगतात की रावणवधानंतर रामाने शिवपूजेसाठी मारुतीला कैलासावरून लिंग आणायला पाठवलं. त्याला उशीर झाला, मुहूर्त टळू नये म्हणून सीतामाईने वाळूचं लिंग केलं आणि रामाने त्याची पूजा केली. तेच रामलिंग, म्हणजे रामनाथस्वामी. मारुती परत आला आणि खट्टू झाला. तेव्हा त्याने आणलेल्या विश्वलिंगाची पूजा आधी होईल, असं रामाने ठरवलं. म्हणून पहिलं दर्शन विश्वलिंगाचं घ्यायचं, मग रामनाथाचं, मग देवी पर्वतवर्धिनीचं. रांगेच्या ओघात विश्वलिंग चुकतं. आत गेल्यावर कोणालाही ‘विश्वनाथर’ एवढंच विचारा, बोट दाखवतात.

गाभाऱ्यात जाता येत नाही. घृष्णेश्वराला पिंडीवर हात ठेवून आलेल्यांना हे दुरून दर्शन आधी थोडं लागतं. आत अंधार असतो, समयांच्या उजेडात लिंग दिसतं. डोळे सरावायला क्षणभर द्या, नजर इकडे तिकडे नेऊ नका, कारण पुढे सरकायला सांगतातच. सशुल्क रांगही आहे, ज्येष्ठ बरोबर असतील तर ती घ्यायला हरकत नाही. तिकीट मात्र खिडकीवरच घ्या.

मराठी माणसाला एक गोष्ट ऐकून बरं वाटेल. या गाभाऱ्यातली पूजा पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातून आलेल्या ब्राह्मण घराण्यांकडे आहे, शृंगेरी मठाची दीक्षा घेतलेल्यांनाच लिंगाला स्पर्श करता येतो.

७. स्फटिकलिंग आणि प्राकार

पहाटे पाच ते सहा या वेळात गाभाऱ्यात स्फटिकाच्या लिंगाची पूजा होते. ते आद्य शंकराचार्यांनी दिल्याची श्रद्धा आहे. दुधाचा अभिषेक होताना स्फटिकाचा रंग बदलत जातो, ते पाहण्यासारखं आहे. यासाठी वेगळं तिकीट असतं आणि रांग साडेचारलाच लागते. पुष्कळ जण हे दर्शन आणि समुद्रस्नान एकाच पहाटेला बसवतात. मग कोरडे, ओले, पुन्हा कोरडे असे तीन जोड लागतात आणि ज्येष्ठांची झोप मोडते. स्फटिकलिंग तिसऱ्या दिवशी पहाटे ठेवा, खोलीवर आंघोळ करून.

ते दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. मंदिराचा बाहेरचा तिसरा प्राकार तेव्हा रिकामा असतो. १२१२ खांब आहेत त्याला. एका टोकाला उभं राहिलं की दोन्ही बाजूंचे रंगवलेले खांब दूर एका बिंदूत मिळताना दिसतात. रामनाथपुरमच्या सेतुपती राजांनी हे काम केलं, बाहेरचा प्राकार अठराव्या शतकात पूर्ण झाला. या बेटावर असा दगड नाही. तो मुख्य भूमीवरून समुद्र ओलांडून आणलेला आहे, पूल होण्याच्या कितीतरी आधी. पूर्ण फेरी घाला, अर्धा-पाऊण तास लागतो आणि पायाखाली गार फरशी असते.

८. धनुष्कोडी आणि बेटावरची बाकी ठिकाणं

दुपारी जेवून, थोडं पडून साडेतीनच्या आत निघा. धनुष्कोडीचं टोक गावापासून सुमारे २० किलोमीटर आहे. आता थेट अरिचलमुनईपर्यंत, म्हणजे त्या टोकापर्यंत, डांबरी रस्ता आहे. संध्याकाळी पोलीस वाहनं आत सोडत नाहीत आणि आतल्यांना परत पाठवतात, म्हणून उशीर नको. रिक्षा किंवा गाडी जाऊन-येऊन ठरवा, वाटेत कुठे कुठे थांबणार ते आधी बोलून घ्या.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने हे गाव पुसलं. पांबनहून आलेली प्रवासी गाडी सगळ्या माणसांसह समुद्रात गेली. त्याआधी इथून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, बोट जात असे, चेन्नईहून येणारी रेल्वे बोटीला जोडलेली होती. चर्चच्या, स्टेशनच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. तिथे अजूनही कोळी कुटुंबं राहतात, त्यांच्या झोपड्यांसमोर उभं राहून फोटो काढू नका. शंख-शिंपल्यांच्या वस्तू विकणाऱ्या बायकांशी बोला, काही घ्यायचं तर घ्या.

टोकाला दोन्ही बाजूंना समुद्र आहे आणि पुढे श्रीलंका. इथे पाण्यात उतरू नका. अग्नितीर्थाचा शांत समुद्र बघितल्यावर लोकांची भीती गेलेली असते, पण इथला प्रवाह ओढणारा आहे. पाय बुडवण्यापुरतंसुद्धा ज्येष्ठांना आणि मुलांना पुढे जाऊ देऊ नका.

वाटेत कोदंडराम मंदिर लागतं. बिभीषण रामाला शरण आला ती ही जागा, आणि १९६४ च्या वादळात टिकून राहिलेलं देऊळ. गावाच्या उत्तरेला गंधमादन पर्वत, म्हणजे खरं तर टेकडी. वर रामाच्या पादुका आहेत आणि सगळं बेट दिसतं. तंगच्चिमडमजवळचं विल्लूंडी तीर्थ वेळ असेल तर बघा, समुद्रातच गोड पाण्याची विहीर आहे. अब्दुल कलामांचं घर मशीद रस्त्यावर आहे आणि स्मारक पेइकरुंबूला, २०१७ साली झालेलं. मुलं बरोबर असतील तर स्मारक चुकवू नका.

तरंगणारे दगड पाण्याच्या टाकीत ठेवलेले दिसतील. नमस्कार करा, पण विकत घेऊ नका. ते बहुतेक प्रवाळाचे असतात आणि प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. बेटालगतचं मन्नारचं आखात हे राखीव जीवावरण क्षेत्र आहे.

९. जेवण आणि भाषा

सकाळी इडली, पोंगल, डोसा कुठेही चांगला मिळतो. पोळी-भाजी हवीच असेल तर मंदिराजवळ उत्तर भारतीय पद्धतीची भोजनालयं आहेत. मंदिरात दुपारी अन्नदान असतं. मंदिर परिसरात हिंदी बऱ्यापैकी चालते, रिक्षावाल्यांनाही येते. ‘अण्णा’ म्हणून हाक मारा, ‘अक्का’ म्हणा, बोलणं सोपं होतं.

१०. पितृकार्य, गंगाजल आणि वाळू

पितृकार्य करायचं असेल तर समुद्रावर तुम्हाला गाठणाऱ्या पहिल्याच भटजींना हो म्हणू नका. खोली देणाऱ्या मठात किंवा धर्मशाळेत चौकशी करून आदल्या संध्याकाळी ठरवा. काय काय होणार, साहित्य कोणाचं, दक्षिणा एकूण किती हे स्पष्ट बोलून घ्या. विधी चालू असताना ‘गोदान, भूदान’ म्हणत आकडा वाढवला तर शांतपणे ‘जे ठरलं तेवढंच’ म्हणा.

काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि सेतूची वाळू प्रयागला न्यायची, अशी पूर्ण यात्रा आहे. नाथमहाराजांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजली, ती कावड इथेच यायची होती. तुम्ही घरून गंगाजल नेणार असाल तर तांब्याच्या किंवा पितळेच्या सीलबंद पात्रात न्या, पत्र्याच्या किंवा लोखंडी डब्यात नको. मंदिराच्या कार्यालयात आधी दाखवून अभिषेकाचं तिकीट घ्या. परस्पर कोणाच्या हातात देऊ नका.

वाळूसाठी अग्नितीर्थावर तीन छोटी लिंगं करण्याची पद्धत आहे: सेतुमाधव, बिंदुमाधव आणि वेणीमाधव. तिन्हींची पूजा करून दोन समुद्रात सोडायची आणि वेणीमाधवाची वाळू बरोबर घ्यायची. मूठभर पुरे. ती खोलीवर कागदावर पसरून पूर्ण सुकवा, मग कापडी पुरचुंडीत बांधा, ओली राहिली तर वास येतो. प्रयागला जाईपर्यंत ती देवघरात ठेवतात आणि त्रिवेणी संगमात सोडतात. प्रयागला स्वतः जाणं जमणार नसेल तर घरातलं, नात्यातलं कोणी निघेल तेव्हा त्यांच्याबरोबर द्या. पुरचुंडीवर नाव आणि गोत्र लिहायला विसरू नका, म्हणजे संगमावर संकल्प तुमच्या नावाने करता येईल.